बॅकअप कुठं ठेवला होता?

सोमवारी सकाळी अकाउंटंट मॅडमनी टॅली उघडलं, तर कंपनीच दिसेना. नेटवर्कची वायर सैल झाली असेल म्हणून त्यांनी मुख्य कॉम्प्युटरवर जाऊन डी ड्राइव्ह बघितला. फोल्डर जागच्या जागी होते. आतल्या प्रत्येक फायलीच्या नावाला मात्र एक लांबलचक शेपूट लागलेलं होतं: कंसात आकडे-अक्षरांचा क्रमांक, त्यापुढं कुणाचा तरी ईमेल पत्ता आणि शेवटी ‘एल्बी’ हे अनोळखी नाव. इनव्हॉइस, पगारपत्रक, गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं, सगळ्यांना तेच शेपूट. एकही फाइल उघडत नव्हती. स्क्रीनवर एक खिडकी आपोआप येऊन बसली होती. तिच्यातला इंग्रजी मजकूर थोडक्यात असा: तुमच्या फायली आम्ही बंद केल्या आहेत, परत हव्या असतील तर या पत्त्यावर लिहा, किंमत तुम्ही किती लवकर लिहिता यावर ठरेल.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला हा कारखाना. चार-पाच सीएनसी मशिनं, तीसएक माणसं, पंपांचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवून मोठ्या कंपन्यांना पुरवायचं काम. संपादकांनी यंदा ‘छोटा धंदा, नवी जोखीम’ हा विषय कळवला, तेव्हा मी रॅन्समवेअरचा, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामांचा, धागा धरून उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या पट्ट्यात फिरलो. कुणाशीही बोलायला बसलं की कुणाचा तरी ‘डेटा गेल्याची’ हकिकत निघायची. आणि ती सांगून झाली की प्रत्येक जण बजावायचा, नाव लिहू नका. म्हणून या लेखात कारखान्यांची आणि मालकांची नावं नाहीत.

त्या सोमवारी मशिनं मात्र चालूच होती. सीएनसीचे प्रोग्राम मशिनच्या स्वतःच्या कंट्रोलरमध्ये साठवलेले असतात, त्यामुळं शॉपवर जॉब निघत होते. अडलं ते ऑफिसात. माल तयार, गाडी दारात, आणि बिल कोणत्या नंबरानं फाडायचं ते कुणाला माहीत नाही. जीएसटीत इनव्हॉइसचे नंबर ओळीनं यावे लागतात. शेवटी डिस्पॅचच्या पोराला आठवलं की गाडीवाल्याच्या सहीची प्रत तो एका फायलीत लावतो. त्या कागदावरून शनिवारचा शेवटचा नंबर सापडला आणि पुढचं बिल हातानं लिहिलं गेलं. तारीख होती अठरा. वीस तारखेला जीएसटीआर-3बी हे विवरणपत्र भरायचं होतं.

मालकांनी हार्डवेअरवाल्याला फोन लावला. त्यानं पलीकडून विचारलं, “दादा, बॅकअपची डिस्क कुठं ठेवली होती?”

“मशिनलाच लावलेली की. कायम लावलेलीच असती.”

त्या डिस्कमधल्या फायलींनाही तेच शेपूट लागलेलं होतं.

दार ठोठावणारं यंत्र

“आमच्याकडं चोरण्यासारखं काय हाय?” हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक मालकानं विचारला. प्रश्न रास्त आहे, पण चोर म्हणजे माणूस असं धरून तो विचारलेला आहे. पहिलं काम यंत्र करतं. इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक तपासत जाणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. ते कारखान्याचं नाव बघत नाहीत, उलाढाल बघत नाहीत. कुठलं दार उघडं आहे एवढंच बघतात.

छोट्या धंद्यात हे दार बहुतेक वेळा एकच असतं. विंडोजमध्ये लांबून कॉम्प्युटर चालवायची सोय आहे, रिमोट डेस्कटॉप. तिचा ठरलेला पोर्ट 3389. कोरोनाच्या काळात अकाउंटंट घरी बसले, टॅली कारखान्यात राहिलं, तेव्हा हजारो ठिकाणी राउटरमध्ये हा पोर्ट बाहेरच्या जगाला खुला करून दिला गेला. टाळेबंदी उठली, पोर्ट तसाच राहिला. काहींनी खबरदारी म्हणून नंबर बदलून 3390 केला. शोधणारं यंत्र सगळेच पोर्ट तपासतं, त्यामुळं त्यानं फारसा फरक पडत नाही. दार सापडलं की पासवर्ड लावून बघायचे: कंपनीचं नाव आणि पुढं 123, ‘अॅडमिन’ आणि चालू वर्ष, मालकाचा मोबाइल नंबर. चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घातलेली नसेल, तर यंत्र आठवडाभरही प्रयत्न करत राहतं. ते कंटाळत नाही.

उद्यमनगरातल्या त्या ‘एल्बी’चं कूळ फोबोस. 2018-19 पासून फिरणारी ही टोळी छोट्यांनाच धरून असायची: दुकानं, दवाखाने, शाळा, छोटे कारखाने. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे, ते चालवून माणसं लुटणारे वेगळे. लुटणाऱ्यानं दार शोधायचं, आत शिरायचं, खंडणी ठरवायची आणि फायली उघडणाऱ्या प्रत्येक किल्लीमागं मूळ लेखकाला ठरलेली फी द्यायची. नोव्हेंबर 2024 मध्ये ही टोळी चालवल्याच्या आरोपाखाली एका रशियन नागरिकाला दक्षिण कोरियातून अमेरिकेच्या कोर्टात आणलं गेलं, तेव्हा अमेरिकी न्याय खात्यानं जगभरातले 1000 हून जास्त बळी आणि 1 कोटी 60 लाख डॉलरच्या वर खंडणी असा हिशेब मांडला. भागाकार करून बघा. एकेका बळीमागं सरासरी सोळा हजार डॉलर पडतात. वर्तमानपत्रात मथळा होईल एवढी ही रक्कम नाही, पण उद्यमनगरातल्या कारखान्याचा महिन्याचा पगार तिच्यात बुडतो.

साठ गिऱ्हाइकांचा एक माणूस

हार्डवेअरवाल्याला मी त्याच्या दुकानात गाठलं. पस्तिशीतला मुलगा, आयटीआय झालेला. टेबलावर उघडे सीपीयू, भिंतीवर चाव्यांसारख्या लटकवलेल्या वायरी, फोन सतत वाजत असलेला. त्याच्याकडं साठेक कारखान्यांची आणि दुकानांची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, आहे. एका गिऱ्हाइकाकडून वर्षाला मिळतात काही हजार रुपये. त्यात प्रिंटर, सीसीटीव्ही, टॅलीचं अपडेट, मालकाच्या मुलीचा लॅपटॉप, सगळं आलं.

“साठ ठिकाणी साठ पासवर्ड कुठं लक्षात ठेवू साहेब? एकच ठेवलेला. सगळ्यांना सोपं जातं.”

एकाच पासवर्डामुळं एकाच महिन्यात त्याची तीन गिऱ्हाइकं गेली. हे त्यानं स्वतःहून सांगितलं, मान खाली घालून. मला त्याला दोष द्यावासा वाटत नाही. मालक लाखोंचं मशिन घेताना जपानी की तैवानी यावर महिनाभर चर्चा करतात, आणि ज्या माणसाच्या हातात सगळ्या धंद्याची नोंद आहे त्याला प्रिंटरची शाई बदलणारा समजतात. छोट्या धंद्याची संगणक सुरक्षा म्हणजे व्यवहारात हा एक माणूस आणि मशिनला लावलेली ती एक डिस्क. जगातला कुठलाही मोठा फायरवॉल या दोघांच्या जागी येणार नाही. म्हणून माझ्या मते बोलायचं ते या दोघांबद्दलच.

फुकटचं कोरल

सगळ्यांकडं चोर बाहेरून शिरत नाही. राजारामपुरीतल्या एका फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणाऱ्याकडं तो आमंत्रणानं आला. डिझाइन करणाऱ्या मुलाला कोरलड्रॉची नवी आवृत्ती हवी होती. त्यानं व्हिडिओखालच्या लिंकवरून क्रॅक उतरवून घेतला. सूचना पहिल्याच ओळीत होती: आधी अँटिव्हायरस बंद करा. त्यानं बंद केला. अर्ध्या तासात बारा वर्षांच्या डिझाइनांवर कुलूप पडलं.

या कुळाचं नाव स्टॉप, किंवा जेव्यू. मोठ्या कंपन्यांच्या बातम्यांत ते क्वचितच दिसतं, कारण ते घरातल्या आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर जगतं. दर ठरलेला असतो: 980 डॉलर, आणि 72 तासांच्या आत संपर्क साधला तर निम्मा, 490. एक फाइल नमुना म्हणून फुकट उघडून देऊ, असंही चिठ्ठीत लिहिलेलं असतं. जुन्या आवृत्त्यांतल्या काहींवर फुकट उपाय निघाला आहे. त्याचं कारण असं की, हल्ल्याच्या वेळी टोळीच्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तर हा प्रोग्राम आत आधीच भरून ठेवलेली सामाईक किल्ली वापरतो. ती किल्ली एकदा सापडली की तशा सगळ्यांच्या फायली सुटतात. पत्रिकावाल्याच्या वेळी इंटरनेट चालू होतं. त्याला प्रत्येक देवाचं चित्र, प्रत्येक कुटुंबाचा मजकूर पुन्हा जुळवावा लागला. लग्नसराई तोंडावर होती.

रात्रीत काय होतं

कुलूप तोडता का येत नाही, हे मालकांना कुणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून ते ‘डेटा काढून देतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला पैसे देत सुटतात.

आत शिरलेला माणूस लगेच काही करत नाही. शनिवारी रात्री येतो, किंवा सणाच्या सुटीत. आधी अँटिव्हायरस काढून टाकतो. मग ऑफिसच्या नेटवर्कवर आणखी कोणकोणते कॉम्प्युटर दिसतात ते बघतो. सगळ्यांना टॅली वापरता यावं म्हणून डी ड्राइव्ह शेअर केलेला असतोच. विंडोज स्वतःहून फायलींच्या जुन्या प्रती राखून ठेवतं, त्या एका आदेशात पुसतो. बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर तीही त्याला दिसते, कारण ती तुम्हालाही दिसत असते. गूगल ड्राइव्हला आपोआप जाणारा फोल्डर असेल, तर कुलूपबंद फायलीच वर जातात. तिथं जुन्या आवृत्त्या काही दिवस राहतात, पण हे माहीत असणारा माणूस वेळेत भेटावा लागतो.

त्यानंतर कुलूप. प्रत्येक फाइल एका यादृच्छिक किल्लीनं बंद होते आणि ती किल्ली टोळीच्या सार्वजनिक किल्लीनं पुन्हा बंद करून फायलीतच ठेवली जाते. टपालपेटीत पत्र कुणीही टाकू शकतं, काढू शकतो फक्त पेटीची चावी असलेला. तुमच्या कॉम्प्युटरवर पत्र टाकायची फट तेवढी आलेली असते. चावी कधी आलेलीच नसते, मग ती शोधून सापडणार कशी? गणित चोख असेल तर आजचा कुठलाही कॉम्प्युटर हे कुलूप फोडू शकत नाही. पैसे न देता सुटका होते ती तीनच वाटांनी: टोळीनं कुलूप बनवताना चूक केलेली असली, पोलिसांनी टोळीचे सर्व्हर धरले, किंवा तुमच्याकडं दुसरी प्रत असली.

पोलिसांमुळं झालेल्या सुटकेची एक गोष्ट आहे. जुलै 2025 मध्ये जपानच्या पोलिसांनी फोबोस आणि तिच्याच जातीच्या एटबेस या टोळीच्या फायली सोडवणारं साधन फुकट खुलं केलं. ‘नो मोअर रॅन्सम’ या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर ते मिळतं. हा प्रकल्प 2016 साली नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी सुरू केला. जपानी साधनाच्या यादीत ‘एल्बी’ आहे. उद्यमनगरातल्या मालकांना मी हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मशिन फॉरमॅट करून घेतलं होतं, डिस्कसकट.

म्हणून कुणाच्या ऑफिसात अशी सकाळ उगवली, तर पहिल्यांदा नेटवर्कची वायर आणि वाय-फाय तोडा. फॉरमॅट करू नका. बंद झालेली डिस्क काढून, चिठ्ठीसकट, तारीख लिहून कपाटात ठेवा आणि नव्या डिस्कवर काम सुरू करा. आज नसलेली किल्ली दोन वर्षांनी मिळू शकते.

सीएंच्या टेबलावर

डेटा गेलेल्या धंद्याचं खरं दवाखान्याचं काम सीएंच्या ऑफिसात चालतं. कोल्हापुरातल्या एका सीए मॅडमनी आतापर्यंत बऱ्याच गिऱ्हाइकांची पुस्तकं शून्यातून उभी केली आहेत. त्यांच्याशेजारी बसून मी ते काम बघितलं.

सुरुवात जीएसटीच्या पोर्टलवरून. भरलेल्या जीएसटीआर-1 मध्ये कंपन्यांना केलेली विक्री बिलागणिक मिळते: नंबर, तारीख, रक्कम, कर. खरेदी जीएसटीआर-2बी मध्ये, कारण ती पुरवठादारांनी भरलेली असते. ई-वे बिलाच्या पोर्टलवर मालाचं नाव आणि गाडीचा नंबर. बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये. कापला गेलेला टीडीएस आयकर खात्याच्या 26एएस मध्ये. पगाराचे आकडे पीएफच्या संकेतस्थळावर दर महिन्याला चढवलेल्या फायलीत. “सरकारनं इतकं सगळं ऑनलाइन भरायला लावलं म्हणून आम्ही ओरडत होतो,” मॅडम म्हणाल्या, “आता तोच आमचा बॅकअप.”

जे परत येत नाही, त्याची यादी त्यांनी दुसऱ्या कागदावर केली होती. किरकोळ गिऱ्हाइकांची उधारी. रोखीत दिलेले अॅडव्हान्स. जॉबवर्कला बाहेर गेलेला माल, कुणाकडं किती नग पडून आहेत. गेजच्या कॅलिब्रेशनच्या नोंदी, ज्या मोठ्या कंपनीचा ऑडिटर आला की मागतो. ड्रॉइंगच्या कोणत्या आवृत्तीनुसार कोणता लॉट निघाला. उधारीसाठी एका धान्याच्या व्यापाऱ्यानं शेवटी गिऱ्हाइकांनाच फोन केले: तुमच्याकडं आमचे किती निघतात? बहुतेकांनी खरा आकडा सांगितला. काहींनी फोन उचलला नाही.

ड्रॉइंगांचा प्रश्न वेगळाच. 2019 च्या अखेरीस मेझ नावाच्या टोळीनं नवी रीत पाडली: फायली बंद करण्याआधी चोरून न्यायच्या आणि पैसे नाही दिले तर जगजाहीर करायच्या. उद्यमनगरातल्या पुरवठादाराकडची ड्रॉइंगं त्याची नसतात, मोठ्या कंपनीची असतात, आणि गुप्ततेच्या करारावर त्याची सही असते. बॅकअप असूनही काही जण पैसे देतात ते याच भीतीनं. पण चोरलेलं पुसून टाकल्याचा पुरावा कोण देणार? अमेरिकेतल्या चेंज हेल्थकेअरनं 2024 मध्ये 2 कोटी 20 लाख डॉलर मोजले. पैसे घेतलेल्या टोळीनं आपल्याच साथीदाराला फसवून गाशा गुंडाळला, आणि तोच डेटा दुसऱ्या टोळीच्या नावानं पुन्हा खंडणीला आला.

दुसऱ्याच्या छपराखाली

कधी कधी छोट्याची काहीच चूक नसते. जुलै 2021 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुटीत रेविल टोळीनं कासेया या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली फट वापरली. ते सॉफ्टवेअर हार्डवेअरवाल्यांसाठी होतं, म्हणजे शेकडो गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर लांबून सांभाळणाऱ्या ठेकेदारांसाठी. साठाच्या आत ठेकेदार सापडले आणि त्यांच्यामागं 800 ते 1500 धंद्यांना फटका बसला. स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीची गल्ल्यावरची बिलं करणारी यंत्रं ठप्प झाली आणि सुमारे 800 दुकानांतली बहुतेक बंद ठेवावी लागली.

आपल्याकडं 31 जुलै 2024 ला सी-एज या कंपनीला रॅन्समवेअरचा फटका बसल्याचं समोर आलं. टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँकेची ही संयुक्त कंपनी छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं तिला जाळ्यातून तोडलं, आणि सुमारे 300 बँकांच्या खातेदारांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी सुरळीत झालं. त्याआधी मार्च 2021 मध्ये खुद्द एमआयडीसीच्या सर्व्हरना रॅन्समवेअरनं धरलं होतं, म्हणजे ज्या कार्यालयाकडं या सगळ्या कारखान्यांच्या भूखंडांचे कागद त्याच कार्यालयाला.

आणि विमा, नियम, सगळं असूनही धंदा बुडू शकतो. इंग्लंडमधली केएनपी ही मालवाहतूक कंपनी 158 वर्षं जुनी, 500 ट्रक बाळगणारी. जून 2023 मध्ये अकिरा टोळीनं तिच्या एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड अंदाजानं ओळखला. बॅकअपही गेले. हिशेब दाखवता येईना म्हणून नवं भांडवल मिळेना. तीन महिन्यांत कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सुमारे 700 माणसं घरी बसली.

तक्रार

भेटलेल्या मालकांपैकी पोलिसांत गेलेले फार थोडे. कारणं तीच: फेऱ्या माराव्या लागतील, कॉम्प्युटर जप्त होईल, गिऱ्हाइकाला कळलं तर ऑर्डर जाईल. शेवटचं कारण मला सर्वांत जिव्हारी लागलं. उद्यमनगरातल्या त्या कारखान्याच्या शेजारच्या शेडमध्ये दोन महिन्यांपूर्वी हेच घडलं होतं, त्याच उघड्या पोर्टमधून, त्याच पासवर्डानं, आणि शेजाऱ्यानं सांगितलं नव्हतं. रोज चहाला एकत्र बसणारी ही माणसं. मशिनचा बेल्ट तुटला तर एकमेकांचा उसना घेतात.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणं बंधनकारक आहे, आणि त्यातून छोटी फर्म सुटत नाही. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर 1930 ला तत्काळ फोन. तक्रारीनं फायली परत येतीलच असं नाही. पण पुढं विम्याला, जीएसटी अधिकाऱ्याला, मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटरला दाखवायला तारखेचा कागद लागतो. हिशेबाची पुस्तकं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपणं जीएसटी कायद्यानं सक्तीचं आहे. ती का नाहीत याचं उत्तर त्या कागदातच असतं.

दोन डिस्का

सीए मॅडमनी यंदा एक गोष्ट सुरू केली. आपल्या कारखानदार गिऱ्हाइकांना त्यांनी बॅकअप घेऊन ऑफिसात बोलावलं आणि एका कोऱ्या लॅपटॉपवर प्रत्येकाचा बॅकअप उघडून बघितला. मी त्या दुपारी तिथं होतो. एका मालकांच्या पेनड्राइव्हमध्ये टॅलीचा नुसता शॉर्टकट होता. वर्षभर ते भक्तिभावानं तेवढाच कॉपी करत आले होते. दुसऱ्यांचा बॅकअप मागच्या आर्थिक वर्षात थांबलेला. तिसऱ्यांची डिस्क खटखट आवाज करून गप्प झाली. बाकीच्यांचे उघडले, आणि आपलं ट्रायल बॅलन्स परक्या लॅपटॉपवर बघून त्यांचे चेहरे जे खुलले ते सांगता येत नाही.

पद्धत साधी ठरली. पाच-सहा हजारांच्या दोन डिस्का. एक सोमवारी लावायची, बॅकअप झाला की काढायची आणि मालकांनी घरी न्यायची. दुसरी गुरुवारी. दोन्ही एकाच वेळी मशिनला कधीच लावायच्या नाहीत. टॅलीबरोबर ड्रॉइंगं, सीएनसीचे प्रोग्राम आणि पगारपत्रकही घ्यायचं. दर तीन महिन्यांनी, वीस तारखेची गडबड संपली की, मॅडमच्या लॅपटॉपवर पुन्हा उघडून बघायचं.

हार्डवेअरवालाही त्या दुपारी आला होता. प्रत्येक गिऱ्हाइकाचा पासवर्ड वेगळा करायचा, राउटरमधला उघडा पोर्ट बंद करायचा, घरून काम करणाऱ्यासाठी व्हीपीएन बसवायचं आणि मोबाइलवर येणारा दुसरा कोड लावायचा, यासाठी किती तास लागतील ते त्यानं वहीत लिहून आणलं होतं. मालकांनी आकडा ऐकला, थोडी घासाघीस झाली, आणि एएमसी दुप्पट करायला ते तयार झाले. पहिला राउटर त्याच संध्याकाळी उघडायचं ठरलं.